तबकडीमागचा माणूस

‘डीजे’ ही दोन अक्षरे आज आमच्या बिरवाडीच्या बाजारपेठेत लहान पोरालाही ठाऊक आहेत. लग्नाची वरात असो, गणपतीचे विसर्जन असो की कुणा पुढाऱ्याच्या विजयाची मिरवणूक असो, ‘डीजे लावला’, ‘डीजे आला’, ‘पोलिसांनी डीजे बंद केला’ अशी वाक्ये आपल्या कानांवर नित्य पडतात. या सर्व वाक्यांत डीजे ही एक वस्तू आहे. टेम्पोवर रचलेली कर्ण्यांची भिंत, तिच्यामागे धडधडणारे जनित्र आणि तिच्यापुढे घामाघूम झालेली तरुण मंडळी, एवढा त्या शब्दाचा अर्थ आमच्यापुरता उरला आहे.

वस्तुतः हा शब्द माणसाचा आहे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीतला स्वार. महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती पाहिलेल्या आमच्या चाकरमान्यांना जॉकी कोण हे सांगावयास नको. तबकडीवर मांड ठोकून तिला हवी तशी दौडविणारा तो डिस्क जॉकी, म्हणजेच डीजे. आमच्या भाषेत घोडा तेवढा राहिला आणि स्वार मात्र पाठीवरून केव्हाच खाली पडला. त्या पडलेल्या स्वाराला उठवून पुन्हा जाग्यावर बसवावे, एवढ्याच हेतूने आम्ही आजचा विषय निवडला आहे. या कलेच्या आद्य धुरीणांपैकी एकाचे, शिकागो शहरातील फ्रँकी नकल्स याचे, आम्ही येथे स्मरण करणार आहो.

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर रात्रीच्या नाचघरातल्या माणसाचे काय काम, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी ही प्रथा सुरू केली, ती समाजाने आपल्या काळाचा विचार चार माणसांत बसून करावा म्हणून. ज्या गोष्टीने आमच्या रस्त्यांवर आणि आमच्या तरुणांच्या काळजांवर कबजा केला आहे, तिचे मूळ समजून घेणे हेही त्याच विचाराचे अंग आहे असे आम्ही मानतो.

प्रारंभ तबकडीपासून करू. १८७७ साली एडिसनने आवाज साठविण्याचे यंत्र काढले आणि पुढील दशकात एमिल बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे तबकडीवर उतरले. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचाच मजकूर मावत असे. तास-तासभर राग आळवणाऱ्या गवयांना तीन मिनिटांत आपले सर्वस्व आटोपावे लागले. पुढे १९४८ साली मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका आली, पण सिनेमाचे अगर नाचाचे सुटे गाणे तीन-चार मिनिटांचेच राहिले. हा तीन मिनिटांचा कुंपणवजा हिशेब श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढची सगळी कथा हे कुंपण मोडण्याची आहे.

डिस्क जॉकी हे नाव प्रथम मिळाले ते नभोवाणीवर तबकड्या वाजविणाऱ्या निवेदकाला. आपल्याकडे त्याचा सर्वांत लाडका अवतार म्हणजे अमीन सयानी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली त्यांची ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठी बुधवारी रात्री गावातल्या एकुलत्या एक रेडिओभोवती माणसे जमत. सयानींनी वाजविलेले एकही गाणे त्यांचे स्वतःचे नव्हते. तरीही कार्यक्रम त्यांचाच होता, आणि २०२४ साली ते निवर्तले तेव्हा लोकांना आपल्या घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. दुसऱ्याची गाणी वाजविणाऱ्यालाही स्वतःचे असे काही कर्तृत्व असू शकते, याचा हा घरचा पुरावा होय.

नाचघरातला डीजे हा या निवेदकाचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की हा मुका. त्याला सांगावयाचे ते तो तबकडीकडूनच सांगवितो. फ्रान्समध्ये वादकांच्या ताफ्याऐवजी तबकड्यांवर नाच चालणारी जी घरे निघाली त्यांना दिस्कोथेक, म्हणजे तबकड्यांचे संग्रहालय, असे नाव पडले. डिस्को हा शब्द तेथूनच आला. आरंभी तेथे तबकडी लावणारा म्हणजे एक नोकर होता. गाणे संपले की दुसरे लावावे, मधल्या शांततेत लोकांनी घाम पुसावा, इतकेच त्याचे काम.

हे काम कलेच्या पदवीला पोहोचले ते न्यूयॉर्कमध्ये, १९७० च्या आगेमागे. तेथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘सँक्च्युअरी’ नावाचे नाचघर होते आणि त्यात फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण तबकड्या वाजवी. त्याने दोन यंत्रे शेजारीशेजारी मांडली. एकावर गाणे चालू आहे, लोक नाचत आहेत; दुसऱ्यावर पुढची तबकडी चढवून ती फक्त आपल्या कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकावयाची. दोन्हींच्या लयी जुळेपर्यंत यंत्राची गती किंचित कमीजास्त करावयाची. तबकडीखाली नमद्याची चकती घालून ती बोटाने रोखून धरावयाची. खाली यंत्र फिरत राहते, वर तबकडी थांबलेली असते, आणि नेमका ठोका आला की बोट उचलावयाचे. पहिले गाणे कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे नाचणाऱ्याच्या पायांना कळतसुद्धा नाही. गवयाची तान कितीही लांब गेली तरी तबलजी जसा अचूक समेवर येतो, तसाच हा प्रकार. येथे मात्र गवई आणि तबलजी दोघेही तबकडीत बंद, आणि सम साधावयाची ती एका माणसाच्या बोटाने.

याच सुमारास टॉम मोल्टन नावाच्या ध्वनिमुद्रण-तज्ज्ञाच्या हातून एक गंमत घडली. गाणे कोरावयाच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून त्याने ते मोठ्या तबकडीवर कोरून घेतले. जागा ऐसपैस मिळाल्याने खाचा रुंद झाल्या आणि आवाज दणदणीत उमटला. १९७६ पासून अशा बारा इंची तबकड्या बाजारात विक्रीस येऊ लागल्या. तीन मिनिटांचे गाणे आता सात, आठ, दहा मिनिटे चालू लागले. कुंपण मोडले ते असे.

आता या नाचघरांत जमत कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. श्रीमंतांची आणि नटनट्यांची नाचघरे होतीच आणि वर्तमानपत्रांतून फोटो येत ते त्यांचेच. परंतु डिस्कोची खरी जन्मभूमी निराळी होती. काळ्या वर्णाचे, लॅटिन अमेरिकेकडून आलेल्या कुटुंबांतले, आणि विशेषेकरून समलिंगी तरुण, अशी ती मंडळी. दोन पुरुष एकत्र नाचले एवढ्यावरून त्या काळी पोलिसांची धाड पडत असे. १९६९ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहात अशीच धाड पडली, तेव्हा लोकांनी उलट प्रतिकार केला आणि तेथून एक मोठी चळवळ उभी राहिली. ज्यांना घरात तोंड लपवावे लागे, कामावर खोटे बोलावे लागे, त्यांना आठवड्यातून एक रात्र उजळ माथ्याने वावरता यावे अशी जागा म्हणजे ते नाचघर. आपल्या देशातही अशा संबंधांना गुन्हा ठरविणारा इंग्रजी अमदानीतला कायदा प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरता सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला तो २०१८ च्या सप्टेंबरात. तेव्हा या बाबतीत परक्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस नाही.

फ्रँकी नकल्स याचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. जातीने काळा, स्वभावाने शांत. कापडावरील नक्षीकामाच्या शिक्षणासाठी तो शाळेत जाई आणि रात्री लॅरी लेव्हन या जिवलग मित्रासह नाचघरे पालथी घाली. ‘गॅलरी’ नावाच्या नाचघरात दोघांनी सजावटीची पडेल ती कामे केली, आणि ती करता करता निकी सियानो या डीजेचे हात न्याहाळले. कलेची शाळा ती हीच. आपल्याकडे तमाशाच्या फडात पोरगा प्रथम तुणतुणे धरून मागे उभा राहतो आणि पाहून पाहून शिकतो, तसेच हे. पुढे दोघेही तबकड्यांमागे उभे राहिले आणि विशीतच नावारूपाला आले.

१९७७ साली रॉबर्ट विल्यम्स नावाच्या गृहस्थाने शिकागो शहरात एक नाचघर काढावयाचे ठरविले. त्याने प्रथम विचारले ते लेव्हनला. लेव्हनने न्यूयॉर्क सोडण्यास नकार दिला आणि ते बोलावणे नकल्सकडे गेले. बावीस वर्षांचा हा तरुण आपल्या तबकड्या घेऊन परक्या शहरात गेला. साउथ जेफरसन रस्त्यावर २०६ क्रमांकाची एक तीन मजली जुनी औद्योगिक इमारत होती. लोक तिला ‘वेअरहाऊस’, म्हणजे वखार, म्हणू लागले आणि तेच त्या नाचघराचे नाव झाले.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हे दृश्य अगदीच अपरिचित नसावे. आमच्या दोन-तीन पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा मुका होत गेला. त्याच गिरण्यांच्या आवारांत नंतर खाणावळी, मद्यगृहे आणि नाचघरे निघाली. बापाने जेथे साच्यावर उभे राहून रात्रपाळी केली तेथे परक्यांची पोरे रात्रभर नाचली. तेथे आत जाण्याचा दर असा, की गिरणीकामगाराच्या नातवाने दारातूनच परतावे. शिकागोची वखार मात्र अगदी उलट रीतीची होती. गावातल्या इतर नाचघरांच्या दारांवर काळ्या माणसाकडे एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागण्याचा शिरस्ता होता. ज्यांना त्या दारांवरून परत फिरविले जाई, त्यांचेच हे घर होते. येथे दारूची विक्री नव्हती, फळांचा रस आणि पाणी मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी ऊन चढेपर्यंत चाले. येणाऱ्यांतले कित्येक लोक पुढे म्हणत की आमचे देऊळ तेच होते, आणि नकल्सलाही ती उपमा मान्य होती.

नकल्स तेथे करी काय? अमुक एक गाणे लोकप्रिय आहे म्हणून वाजवावे, ही त्याची रीत नव्हती. गर्दीकडे पाहावे, ती दमली आहे की पेटली आहे हे ओळखावे, आणि त्याप्रमाणे पुढची तबकडी निवडावी. भजनाची बैठक बसते तेव्हा बुवा काही एकदम गजरावर जात नाहीत. संथ अभंगाने सुरुवात होते, लय चढत जाते, टाळ-मृदंग एकजीव होतात आणि मग पहाटेकडे भैरवी येते. रात्र चढवावी कशी आणि उतरवावी कशी, हे नकल्स तसेच जाणून होता. कधी तो सगळे दिवे घालवी आणि काळोखात धडधडत येणाऱ्या आगगाडीच्या आवाजाची तबकडी लावी. खोलीच्या या भिंतीतून गाडी शिरली आणि त्या भिंतीतून पार गेली असा भास होऊन माणसे किंकाळ्या फोडीत, आणि त्याच क्षणी नवे गाणे सुरू होई.

जुन्या गाण्यांवर तो शिंप्यासारखे काम करी. गाणे फितीवर घ्यावे, पात्याने फीत कापावी, जेथे नुसता ढोल आणि खर्जाची तार वाजते तेवढा तुकडा पुनःपुन्हा जोडावा आणि चार मिनिटांच्या गाण्याचे दहा मिनिटांचे करावे. कापडावरच्या नक्षीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला हे शिवणकाम जमावे यात नवल ते काय!

याच शिकागो शहरात १२ जुलै १९७९ रोजी जी घटना घडली तिच्याविना ही कथा समजणार नाही. कोमिस्की पार्क नावाच्या मैदानावर त्या दिवशी बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल नावाचा नभोवाणीवरील निवेदक, म्हणजे तोही डिस्क जॉकीच, डिस्को संगीताचा कट्टर वैरी होता. त्याने पुकारा केला की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटांत आत या. दोन सामन्यांच्या मध्यंतरात या सगळ्या तबकड्या सुरुंग लावून उडवू. पन्नास हजारांच्या आसपास माणूस लोटला. पेटारा उडविला गेला, आणि त्यासरशी हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. जाळपोळ झाली, मैदान उखडले, पोलिसांनी चाळीसेक जणांना अटक केली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला.

कित्येकांनी याला तरुणांचा धांगडधिंगा म्हणून सोडून दिले. परंतु त्या दिवशी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा मुलगा निराळी साक्ष देतो. लोकांनी आणलेल्या तबकड्या त्याने हाताळल्या होत्या. त्यांतल्या कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ काळ्या गायकांच्या होत्या. तबकड्यांच्या होळीत नेमके काय जाळावयाचे होते, हे त्या पोराला त्याच दिवशी उमगले. डिस्कोला नाके मुरडणारे सर्वच वंशद्वेष्टे होते असे आम्ही म्हणणार नाही. एखादे संगीत न आवडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि त्या काळी डिस्कोचा बाजार इतका माजला होता की कान विटावेत. तथापि न आवडणारे गाणे बंद करण्यासाठी सुरुंग लागत नाही, हेही तितकेच खरे.

या प्रसंगानंतर डिस्कोची हवा झपाट्याने उतरली. तबकड्यांच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, नभोवाणीने पाठ फिरविली. गमतीची गोष्ट ही, की तिकडे तेरावा होत असताना आपल्याकडे बारसे होत होते. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटात बिद्दू यांच्या संगीतावर नाझिया हसन हिचे गाणे गाजले. १९८२ साली बप्पी लाहिरींच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि मुंबईहून शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या टेपरेकॉर्डरवरून डिस्को कोकणातल्या वाड्यावाड्यांवर पोहोचला. शिकागोत मात्र नकल्सपुढे पेच उभा राहिला. आठवड्याच्या आठवड्याला नव्या तबकड्या लागतात, आणि नाचण्याजोगे नवे संगीत तर निघेनासे झाले. दुसऱ्या कुणी गल्ला बंद केला असता. नकल्सने जुन्या गाण्यांना कात्री लावून त्यांतून नवी घडविली, युरोपातून आलेल्या यंत्रसंगीताची त्यांना जोड दिली, आणि पुढे तालयंत्र शेजारी ठेवून गाण्याखाली आपला स्वतःचा ठेका भरला.

या नव्या बाजाला नाव पडले ‘हाऊस’. वखारीत, म्हणजे वेअरहाऊसमध्ये, वाजते ते संगीत म्हणून दुकानदार तबकड्यांवर तशी चिठ्ठी लावीत आणि तोंडी तिचे नुसते हाऊस झाले, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. पुढे १९८४ साली जेसी साँडर्स याची जी तबकडी निघाली तिला पहिली हाऊस तबकडी मानण्याचा प्रघात आहे. आणि तिच्या कर्त्यांत होता तोच व्हिन्स लॉरेन्स, मैदानावरचा मुलगा. हाऊस म्हणजे डिस्कोने उगविलेला सूड, अशा अर्थाचे नकल्सचे उद्गार प्रसिद्धच आहेत. सूड हा शब्द कठोर खरा, पण या सुडात कुणाची तबकडी फुटली नाही. १९८७ च्या जानेवारीत शिकागोचीच एक हाऊस तबकडी इंग्लंडात विक्रीच्या यादीत पहिली आली. आज जगभर रात्री ज्या ठेक्यावर माणसे नाचतात त्याची एक ठळक मुळी त्या वखारीत आहे.

वेअरहाऊस नकल्सने १९८२ च्या सुमारास सोडले. जागा लोकप्रिय झाली तसे चालकांनी प्रवेशाचे दर वाढविले, निराळी गर्दी येऊ लागली, आणि त्याने ‘पॉवर प्लँट’ नावाचे स्वतःचे नाचघर काढले. त्या दशकाच्या उत्तरार्धात तो न्यूयॉर्कला परतला, स्वतःची गाणी रचू लागला, मोठमोठ्या गायकांची गाणी नव्याने बांधून देऊ लागला. १९९८ साली अशा पुनर्रचनाकारासाठी प्रथमच ठेवलेले ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले. २००४ च्या ऑगस्टमध्ये शिकागो शहराने जेफरसन रस्त्याच्या एका तुकड्याला त्याचे नाव सन्मानपूर्वक दिले, आणि त्या कामी इलिनॉयच्या राज्य-सेनेटचे एक तरुण सभासद बराक ओबामा यांनी साहाय्य केले. ३१ मार्च २०१४ रोजी, मधुमेहातून उद्भवलेल्या विकाराने, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी नकल्स शिकागोतच वारला. त्याच्या तबकड्यांचा संग्रह आज त्याच शहरातील स्टोनी आयलंड आर्ट्स बँक या संस्थेत जपून ठेवला आहे, आणि २०२३ साली वखारीची ती इमारत नगराची संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाली.

या चित्राला काळी बाजू आहे, ती आम्ही झाकणार नाही. नाचघरांच्या त्या जगात मादक द्रव्यांचा सुळसुळाट होता. लॅरी लेव्हन हा न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गॅरेज’ या नाचघराचा प्राण. रिचर्ड लाँग या ध्वनितज्ज्ञाच्या साहाय्याने त्याने तेथील आवाज इतका स्वच्छ करून घेतला होता की त्याची आठवण लोक अद्याप काढतात. १९८७ साली ते नाचघर बंद पडले, व्यसनाने लेव्हनला पोखरले आणि १९९२ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच सुमारास एड्सच्या रोगाने या मंडळींतली किती माणसे नेली याची गणती नाही. ज्यांच्या घरच्यांनी दार लावून घेतले होते, अशा कित्येकांच्या अंत्ययात्रेला नाचघरातलेच सोबती होते.

दुसरा आक्षेप कलेचा. गाणे दुसऱ्याचे, आवाज दुसऱ्याचा, वाद्य तिसऱ्याचे. मग यात याची कला कोणती? या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्याच्या गाण्याचे तुकडे घेताना मूळ गायकाला मोबदला व श्रेय मिळाले पाहिजे, आणि ते पुष्कळदा मिळाले नाही. परंतु निवड आणि मांडणी ही कलाच नव्हे, हे आम्हांला मान्य नाही. आमचा कीर्तनकार अभंग तुकोबांचा घेतो, ओवी ज्ञानोबांची घेतो, आख्यान पुराणातले घेतो. तरी आज कीर्तन कुणाचे, असे विचारले तर आपण बुवांचेच नाव सांगतो. समोर बसलेल्या माणसांना या घटकेला काय हवे आणि काय हिताचे, हे ओळखून परंपरेतला नेमका मणी ओवणे, ही त्यांची स्वतःची करणी असते.

आता पुन्हा घरी येऊ. नाच आम्हांला परका नाही. महाडच्या वीरेश्वराचा छबिना, शिमग्यातली पालखी, खालू बाजा आणि जाखडी यांवर आमच्या पिढ्या वाढल्या. जाखडीत गाणारे आणि मृदंग वाजविणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. मृदंग्या नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहतो आणि नाचणारा मृदंग्याच्या हाताकडे. वखारीतला नकल्स आणि जाखडीतला मृदंग्या यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. अंतर आहे ते आमच्या आजच्या टेम्पोवरील भिंतीत. तिच्यामागे बसलेला पोरगा नाचणाऱ्यांना दिसत नाही, आणि नाचणारे त्याला दिसत नाहीत. त्याला सांगितलेले असते ते एवढेच, की शेजारच्या मंडळापेक्षा आवाज कमी पडता कामा नये.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकाला उघड्यावर बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हे नियम योग्यच आहेत आणि आजारी म्हाताऱ्याच्या, तान्ह्या मुलाच्या दृष्टीने ते अधिक कडकपणे पाळले जावेत. वखारीतही आवाज लहान नव्हता. पण तो चार भिंतींच्या आत होता, स्वखुशीने आलेल्यांसाठी होता, आणि त्याच्यामागे जबाबदार माणूस उभा होता. डेसिबल मोजून उपद्रव थांबेल; कला त्याने परत येणार नाही. ती यावयाची तर भिंतीमागच्या पोराला माणूस म्हणून ओळखावे लागेल.

आणखी एक गोष्ट सांगून हे विवेचन संपवितो. आम्ही ज्या तालुक्यात राहतो त्याला सार्वजनिक जागेचा प्रश्न शिकवावा लागत नाही. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला; तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा. आणि न्यायालयात त्याचा शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. शिकागोचेही असेच. १९६४ सालच्या कायद्याने काळ्यांना सार्वजनिक जागा मोकळ्या झाल्या होत्या. इलिनॉय राज्याने तर १९६१ सालीच कायदा करून समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले होते. तरी दारावर ओळखपत्रे मागितली जात होती आणि धाडी पडत होत्या. तळ्याचे पाणी आणि नाचघराची फरशी यांची तुलना ताणू नये. पाण्यावाचून जीव जातो, नाचावाचून जात नाही. परंतु जागा कागदावर सर्वांची असणे आणि पायांखाली सर्वांची होणे, यांत जे अंतर असते ते दोन्हीकडे एकच आहे. ते अंतर कुणी सत्याग्रहाने तोडतो, आणि कुणी, आपल्या लहानशा परीने, दार उघडे ठेवून व आत आलेल्यांना एका लयीत धरून तोडतो.

येत्या भाद्रपदात मंडळे ध्वनिक्षेपकांची भाड्याची बोलणी करावयास बसतील तेव्हा कर्णे किती, हा प्रश्न निघेलच. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत अशी आमची विनंती आहे. गाणी निवडणारा कोण, त्याचे नाव काय? आणि आमच्या या मिरवणुकीत, याच गावात राहूनही, कडेला उभा राहून नुसता पाहणारा कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या पोराला कलावंत करील. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या वाडीत जाऊन शोधावयाचे आहे.